कणसरी अजून जेवली नाही

पारूमावशी स्वतःच्या दुकानात कधी खुर्चीवर बसली नाही. पंचवटीतल्या त्या चिंचोळ्या गाळ्यात गल्ल्यामागे एक गादीची खुर्ची होती, पण ती तिने गिऱ्हाइकांना देऊन टाकली होती. स्वतः उंबऱ्यावर बसायची, एक पाय आत, एक पाय गल्लीत. गल्लीतून रिक्षा आली की बाहेरचा पाय आत घ्यायची, रिक्षा गेली की पुन्हा बाहेर. "आत बसलं की माणूस शेठ होतो," ती म्हणायची. "मंग त्याला बाहेरचं दिसत नाय."

तिच्याविषयी लिहावं असं मला बरेच दिवस वाटत होतं, पण धीर होत नव्हता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. निबंध म्हटलं की माझं पहिलं वाक्य चार वेळा खोडून होतं. शिवाय पारूमावशी बोलायची तेव्हा तिचे हात, भुवया, डोक्यावरचा पदर, सगळं एकदम बोलायचं. ते कागदावर कसं उतरवायचं, मला कळत नाही. जमेल तेवढं लिहिते.

मावशी हरसूलकडच्या डोंगरातली. आमच्या भागात ओढ्याच्या काठाने चार पाडे आहेत. तिचा सगळ्यात वरचा, आमचा सगळ्यात खालचा. आम्ही सगळे आदिवासी, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारे, पीक घरात आलं की द्राक्षाच्या बागांवर नाहीतर बांधकामावर कामाला जाणारे. मी नाशिकला मुलींच्या वसतिगृहात राहायला आले तेव्हा मावशी तिथे स्वयंपाकाला होती. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "कुणाची गं तू?" मी बाचं नाव सांगितलं. "काशिनाथाची! मंग एवढ्या लांब येऊन तुला रडायला येत असंल." मला खरंच रडायला येत होतं. तिने माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि लगेच विसरली. तेव्हापासून मी तिच्यासाठी 'कॉलेज'. "ए कॉलेज, मीठ दे." "ए कॉलेज, जेवलीस का?" वसतिगृहातल्या साऱ्याच मुली कॉलेजात होत्या, पण हाक मारली की मलाच कळायचं.

तिला दोन सवयी होत्या. विनोद सांगायच्या आधीच ती हसायला लागायची, त्यामुळे विनोद संपेपर्यंत आम्हीही हसत असायचो, तो कळो न कळो. आणि कुठलंही धान्य दिसलं की एक दाणा उचलून दाढेखाली चावायची. कट्ट असा आवाज झाला तर मान डोलवायची. नाही झाला तर दाणा थुंकून टाकायची आणि त्या धान्याच्या मालकाकडे असं बघायची, जणू त्याने पोरीला ओल्या केसांनी शाळेत पाठवलं आहे.

वसतिगृहातला तांदूळ रबरासारखा असायचा. एकदा वाढता वाढता मावशी हसायला लागली, म्हणून आम्हीही लागलो. "हा तांदूळ आपल्याकडून गेला," ती म्हणाली, "नाशिकला फिरला, पॉलिश करून गोरा झाला, आन् आता आपल्याला ओळखत नाय."

आम्ही हसलो आणि जेवून उठलो. ती मात्र त्या विनोदातच अडकली. आमच्याकडे कापणी झाली की व्यापाऱ्याचा टेम्पो रस्त्याला येऊन उभा राहतो. सणाला हातात पैसे हवे असतात, म्हणून भात तसंच, न भरडता, तो म्हणेल त्या भावाने टेम्पोत चढतं. तेच भात आपण आपल्या गिरणीत भरडलं, आणि तांदूळ करून नाशिकला आपल्याच दुकानात विकला तर? चारही पाड्यांनी भाग घालून गिरणी काढायची, दुकान भाड्याने घ्यायचं, आणि चालवायचं कुणी, तर आपणच. एवढीच तिची कल्पना. ती सांगायला तिला दोन मिनिटं लागायची. ती लोकांना पटवायला तिने वसतिगृहातलं काम सोडलं.

"पगाराचं काम सोडलंस, मावशी?" मी घाबरून विचारलं.

"मी पगारावर राहिले आन् लोकांना म्हणाले तुम्ही पैसे घाला, तर मला कोण विचारील?"

पहिली बैठक आमच्या पाड्यावर झाली. मी सुट्टीत घरी होते. बायका लगेच ऐकायला बसल्या, पुरुष जरा लांब उभे राहिले, आणि सगळ्यात लांब माझा बा. बाने काही वर्षांपूर्वी हात पोळून घेतले होते. टाय लावलेला एक माणूस मोटारसायकलवर आला होता, पैसे दुप्पट करून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. पाड्यावरच्या निम्म्या घरांनी त्याच्याकडे पैसे भरले. मोटारसायकल पुन्हा आली नाही.

"आपल्या माणसाच्या हातात पैसा दिला," बा लांबूनच म्हणाला, "की मंग तो आपला राहत नाय. ना पैसा, ना माणूस."

"आन् त्या टायवाल्याच्या हातात दिलास तवा?" मावशीने विचारलं.

"तो निदान शिकलेला होता!"

सगळा पाडा हसला. बासुद्धा हसला, पण त्याच्या मनात नसताना. मग त्याने तो प्रश्न विचारला जो पुढे प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी विचारला. "आन् बुडाले तर?"

मावशी आधी हसायला लागली. "बुडाले तर माझ्या अंगणात यायचं आन् मला शिव्या घालायच्या. मी कुठं जाणार हाय? त्या टायवाल्याला शिव्या घालायला तुला नाशिकला जावं लागंल. एसटीचं भाडं वेगळं, आन् तो सापडंल याची खात्री नाय."

बऱ्याच घरांनी भाग घेतला. आमच्या बाने नाही. "तुझं बोलणं चांगलं हाय पारू," तो म्हणाला, "पण आपल्या लोकांना धंदा जमत नाय." हे वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं, की मला आधी ते खरंच वाटलं. नंतर वाटलं, हे त्याला कुणी सांगितलं असेल? बहुतेक ज्यांना आमचं भात स्वस्तात हवं होतं, त्यांनीच. पण हे बासमोर म्हणायचा धीर मला झाला नाही.

दुसरी शंका शहरातून आली, आणि ती फार प्रेमळ होती. नाशिकच्या एका संस्थेचे साहेब गिरणी बघायला आले. माणूस खरोखर चांगला. त्यांना मदत करायची होती, चांगली घसघशीत. फक्त एक अट होती. सुरुवातीची काही वर्षं कारभार बघायला त्यांचा व्यवस्थापक असेल. "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," साहेब म्हणाले, "पण अनुभव हवा ना. चुका झाल्या तर?"

आम्ही सगळे मावशीकडे बघत होतो. शेडला अजून एका बाजूला भिंत नव्हती. पैसे घेतले असते तर आठवड्यात भिंत उभी राहिली असती.

"साहेब, तुमचं लग्न झालंय?" मावशीने विचारलं.

"झालंय की."

"बाईसाहेबांनी पहिल्या दिवशी पोळ्या केल्या. एखादी करपली असंल?"

साहेब हसले. "एखादी? बऱ्याच."

"मंग तुम्ही शेजारीण आणून बसवली का चुलीपुढं?"

"नाही हो. करपलेल्याच खाल्ल्या."

"मंग आमची बी थोडी करपू द्या."

साहेब बराच वेळ हसले, पण पैसे दिले नाहीत. "पहिला हंगाम बघू," असं म्हणून गेले. त्या बाजूला मावशीने बांबूचा कूड घातला आणि तो बाहेरून शेणाने सारवला. गिरणी एका बाजूने कारखान्यासारखी दिसायची आणि दुसऱ्या बाजूने घरासारखी.

पंचवटीतला गाळा उन्हाळ्यात घेतला. तांदूळ यायला वेळ होता, म्हणून तोवर नागलीचं पीठ, पापड, उडीद, वरई. शेजारी भांड्यांचं दुकान होतं. मालकांना सगळे नाना म्हणायचे. नानांचा आवाज पितळेच्या घागरीसारखा, आणि दिवसभर त्यांना दुसरं कुणी बोलायला नसेल तर ते मावशीशी बोलायचे.

"पारूबाई, रागावू नका, पण तुम्ही लोक भोळे. पंचवटीत धंदा करायचा म्हणजे येरागबाळ्याचं काम नाही. दिवाळीला तुमचा नवा तांदूळ या दुकानात दिसला, तर माझ्याकडून एक पितळेचं मापटं तुम्हाला बक्षीस!"

"आन् नाय दिसला तर?"

"तर तुम्ही मला रोज नागलीची भाकरी द्यायची. महिनाभर."

"ती तर तुम्ही आताच रोज खाता की!"

नाना खरंच रोज खायचे. मावशीचा डबा उघडला की त्यांना पलीकडे बसून वास यायचा. ठेच्याने डोळ्यांत पाणी यायचं, तरी खायचे, आणि खाता खाता सांगायचे की तुमचं दुकान चालणार नाही.

त्यांना उत्तर म्हणून मावशीने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली: दिवाळीच्या आधी नवा तांदूळ येईल, डोंगरातला, हाताने लावलेला, आमच्याच गिरणीत भरडलेला. लोकांनी नावं सांगून ठेवली. मी कॉलेज सुटल्यावर तिथे जायचे आणि मलाही ते सांगायला फार आवडायचं. आमचं काहीतरी पंचवटीत येणार होतं, आणि लोक त्याची वाट बघत होते.

आणि इथेच आमची चूक झाली. अशी चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते.

आमच्याकडे नवं धान्य आधी कणसरीला दाखवतात. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. ती जेवल्याशिवाय नवं भात कुणी तोंडात घालत नाही. याला आम्ही नुसतं 'नवं' म्हणतो. प्रत्येक पाड्याचं नवं वेगळ्या दिवशी होतं, ज्याची त्याची कापणी उरकली की. गिरणी काढताना आम्ही विजेचा विचार केला, यंत्राच्या पट्ट्याचा केला, तूस कुठे टाकायचं त्याचा केला. कणसरीचा विचार कुणीच केला नाही, कारण तिचा विचार करावा लागतो हेच कुणाला सुचलं नाही. ती असतेच.

दिवाळी तोंडावर आली. वरच्या पाड्यांचं हळवं, लवकर येणारं भात कापून, वाळून तयार होतं. गिरणी सुरू करायला सगळे जमले, आणि आमच्याकडची देवाची कामं बघणाऱ्या भगतबाबांनी विचारलं, "चारी पाड्यांचं नवं झालं?"

सगळे ओढ्याच्या खालच्या अंगाला बघायला लागले. खालच्या पाड्याचं, म्हणजे आमचं, भात ओढ्याकाठच्या पाणथळ खाचरांतलं. ते गरवं, उशिरा तयार होणारं. अजून शेतात उभं होतं.

"बाबा, व्यापाऱ्याच्या टेम्पोत तर नवं न करताच भरतो की आपण," एक तरुण पोरगा म्हणाला.

"ते भात जातं," भगतबाबा म्हणाले. "कुठं जातं, कोण खातं, आपल्याला ठाव नाय. हे तर आपल्या नावानं शिजणार. आन् गिरणी सगळ्यांची. एक पाडा जेवला आन् एक उपाशी, असं गिरणीत कसं चालंल?"

मला वाटलं मावशी काहीतरी युक्ती काढेल. तिने समोरच्या पोत्यातला एक दाणा चावला. कट्ट आवाज झाला. "बरोबर हाय," ती म्हणाली. एवढंच.

म्हणजे दिवाळीला पंचवटीत तांदूळ नाही. पाड्यांवर टेम्पो मात्र उभा, रोख पैसे घेऊन. आणि सण तर सगळ्यांच्याच घरी.

हरसूलहून नाशिकला येताना जीपमध्ये मावशी गप्प होती. तिला इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच बघत होते. त्र्यंबक मागे पडल्यावर ती म्हणाली, "हे बुडालं तर माझ्या अंगणात लय गर्दी होईल गं, कॉलेज."

मी म्हणाले, "नाही होणार, मावशी."

"शिव्यांचं मला काय नाय. पण पुढच्या वेळी आपल्यातलं कुणी उभं राहिलं ना, तर माझं नाव घेऊन त्याला खाली बसवतील. म्हणतील, पारूचं काय झालं बघितलं ना?"

दुकानात पोहोचेपर्यंत ती परत पहिल्यासारखी झाली होती. तिने एक पुठ्ठा फाडला आणि माझ्यासमोर ठेवला. "लिही. नवा तांदूळ आला नाही. आमची कणसरी अजून जेवली नाही. ती जेवली की आणतो."

माझा हात थांबला. "मावशी, इथं कुणाला माहीत असणार कणसरी कोण?"

"विचारतील की. विचारलं की सांगू. सांगता सांगता नागली विकू."

पुठ्ठा टांगला. नानांनी तो मोठ्याने वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो पारूबाई! धंद्यात असं खरं लिहितात का? लिहा, गाडी बंद पडली. लिहा, संप आहे. दिवाळीला तांदूळ नाही म्हणजे तुम्ही हरलात. भाकरी काढा."

भाकरी निघाली. नाना खात असतानाच रामकुंडावरून येणाऱ्या एक काकू थांबल्या. त्यांनी नाव सांगून ठेवलेलं होतं. चष्मा वर करून त्यांनी पुठ्ठा वाचला.

"ही कणसरी कोण गं?"

मावशीने सांगितलं. चार पाडे, उभं भात, सगळ्यांची एक गिरणी.

"अगं, मग नैवेद्य व्हायचाय असं म्हण की!" काकू म्हणाल्या. "नैवेद्याआधी आमच्याकडेही कुणी ताटाला हात लावत नाही." हातातली रिकामी कापडी पिशवी त्यांनी मावशीला दिली. "ही ठेव. तुमच्या देवीचं जेवण झालं की यात भरून ठेव."

पंचवटीत देवळं किती आहेत हे मी रोज बघत होते. पण तिथल्या लोकांना आमची कणसरी एका वाक्यात कळेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंनी ते गल्लीत सांगितलं असावं. संध्याकाळपर्यंत आणखी पिशव्या आल्या. कुणी साडीच्या दुकानाची दिली, कुणी जुन्या चादरीची शिवलेली. मी प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लावली. पिशव्या टांगायला जागा नव्हती, तेव्हा नाना पुटपुटत हातोडी आणि खिळे घेऊन आले. "माझा काही संबंध नाही," ते म्हणाले आणि भिंतीवर एका रेषेत खिळे ठोकून गेले. दिवाळीच्या दिवशी दुकानात तांदळाचा एक दाणा नव्हता आणि भिंत रिकाम्या पिशव्यांनी भरली होती. मावशीने त्यांच्यासमोर पणती लावली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. पाड्यावर आता आमचंच भात कापायचं उरलं होतं, पिवळं झालेलं. टेम्पो रस्त्याला उभाच होता, आणि बाने चालकाला सांगून ठेवलं होतं, कापलं की देतो.

ठरलेल्या दिवशी आई, बा आणि मी विळे घेऊन शेतात पोहोचलो, तर बांधावर माणसं बसलेली. वरच्या पाड्यांची, मधल्या पाड्यांची. बायका पदर खोचून तयार. पुढे पारूमावशी.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" बा म्हणाला.

"कणसरीनं. तिला भूक लागलीय."

"पारू, मी भाग घेतला नाय. तुला ठाव हाय."

"तुझ्याकडं भाग मागायला कोण आलंय? पाण्याची कळशी कुठं ठेवू ते सांग."

"मी भात टेम्पोत देणार हाय."

"दे की. तुझं भात हाय. पण तू जेवल्याशिवाय आम्हाला जेवता येत नाय, त्याला आम्ही काय करावं?"

सगळे खाचरात उतरले. गाणी सुरू झाली, चेष्टा सुरू झाली. मावशी सगळ्यात हळू कापत होती आणि सगळ्यात जास्त बोलत होती. ज्या माणसाने भाग घेतला नव्हता, त्याच्या शेतासाठी चार पाड्यांची गिरणी थांबली होती, आणि कुणी त्याला त्याबद्दल एक शब्दही ऐकवत नव्हतं. मी बाच्याकडे बघत होते. तो भारे बांधताना गाठ नीट मारत नव्हता. पुन्हा पुन्हा सोडत होता.

दुपारी रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न वाजला. बा विळा ठेवून चढण चढून गेला. हात थांबले. आईने माझ्याकडे बघितलं. मावशी मात्र कापतच राहिली, फक्त बोलायची थांबली.

थोड्या वेळाने बा परत आला. त्याच्या मागून टेम्पोचा चालक, चपला हातात घेऊन.

"याला सांगितलं, कणसरी जेवायची हाय, भात मिळणार नाय," बा कुणाकडे न बघता म्हणाला. "टेम्पो रिकामा जाणार बिचाऱ्याचा. म्हणून जेवायला आणलं."

मावशी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून चालकाला म्हणाली, "बस, दादा. पोटभर जेव. आन् मला सांग, पुढच्या आठवड्यात पंचवटीला जायचं काय घेशील?"

वरच्या पाड्यांनीही आपलं नवं थांबवून ठेवलं होतं, म्हणून चारही पाड्यांचं नवं एकाच दिवशी झालं. असं आधी कधी झालं नव्हतं, आता दर वर्षी होतं. कणसरी जेवली, आम्ही जेवलो, आणि गिरणीचा पट्टा फिरला. बाने एक पोतं पाठीवर आणलं आणि मावशीपुढे टेकवलं. "हे माझा भाग म्हणून ठेव," तो म्हणाला, इतक्या हळू की तिला "काय?" म्हणून पुन्हा विचारावं लागलं. मला वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलेल. तिने पोत्यातला दाणा काढला, चावला आणि थुंकला.

"ओलं हाय, काशिनाथ. चांगलं वाळव, मंग भाग."

बा चार दिवस भात वाळवत बसला. त्याला इतकं खुशीत मी क्वचितच बघितलं आहे.

पंचवटीत टेम्पो गल्लीत शिरला नाही, म्हणून पोती आम्ही डोक्यावर आणली. पिशव्या एकेक खिळ्यावरून उतरल्या. मोजायला माप शोधत होतो, तर नाना पितळेचं मापटं घेऊन आले, नवं कोरं.

"नाना, पैज तर तुम्ही जिंकलात," मी म्हणाले.

"जिंकलोच. दिवाळीला तांदूळ नव्हता. हे हरलो म्हणून देत नाहीये, शेजारी म्हणून देतोय. आणि भाकरी बंद करायची नाही हं!"

साहेबही आले. मावशीने त्यांना गादीच्या खुर्चीवर बसवलं आणि कागदावर गरम भात दिला. दोन घास झाल्यावर तिने विचारलं, "करपलं का?"

"थोडं करपलं," साहेब म्हणाले. "उशीर झालाच ना तुम्हाला. पण कुणी पिशवी परत नेली नाही." मग कूड घातलेल्या बाजूची भिंत आता बांधू या, असं ते म्हणाले. व्यवस्थापकाचं नाव त्यांनी काढलं नाही, मावशीनेही काढलं नाही. भिंत झाली. आतल्या बाजूने मावशीने ती तरीही शेणानेच सारवली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते मागच्या उन्हाळ्यात, हरसूलच्या आठवडे बाजारात. दुकान आता वरच्या पाड्यावरची दोन माणसं चालवतात, आणि मावशी पेठकडच्या पाड्यांवर असते. तिथल्या लोकांना स्वतःची गिरणी काढायची आहे. त्यातले काही जण तिला न्यायला बाजारात आले होते. जीपजवळच बोलणं चाललं होतं, बाजूला मिरचीचे ढीग, आंब्याच्या पाट्या. मी आणि बा मीठ आणि तेल घेऊन तिथे पोहोचलो.

त्यांच्यातला एक माणूस लांब उभा होता, हाताची घडी घालून. आमचा बा असायचा तसाच. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "समदं खरं. पण बुडाले तर?"

मावशी हसायला लागली. तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"बुडाले तर आमच्या अंगणात या," बा म्हणाला. हातातली तेलाची पिशवी त्याने खाली ठेवली. "खालचा पाडा, ओढ्याच्या काठाला पहिलंच घर. काशिनाथ म्हणून विचारा. पारूचं घर वर चढावर हाय, तुम्हाला लांब पडंल. शिव्या मलाच घाला."

तो माणूस बाच्याकडे बघतच राहिला. मग त्याने हाताची घडी सोडली.

जीप भरली होती. मावशी मागच्या बाकाच्या टोकाला कशीबशी बसली, एक पाय आत, एक पाय बाहेर. चालक ओरडला, "मावशी, पाय आत घ्या!"

"घेते रे," ती म्हणाली, आणि मला जवळ बोलावलं. ती आधीच हसत होती, म्हणून मीही हसायला लागले.

"बघितलंस का, कॉलेज? आता अंगणं दोन झाली."

तिने पाय आत घेतला. जीप निघाली.